१४७ ग्रेनची ओतीव गोळी ९ एमएम पिस्तुलात चालवताना

पिस्तुलातून काढलेली नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली की आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणारे पीळदार चर, लख्ख दिसायला हवेत. मला दिसली ती शिशाची करडी पापुद्री. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढे जेमतेम इंचभर जागेत ती अशी चिकटली होती की जणू कुणी आतून कल्हई केली आहे. जेमतेम पन्नास गोळ्या झाडल्या होत्या. लक्ष्यावरच्या कागदात काही भोकं गोल आणि काही चक्क लांबट, म्हणजे गोळी आडवी होऊन कागदात शिरली होती. त्याआधीची दोन वर्षं १२४ ग्रेनची ओतीव गोळी याच नळीतून बिनतक्रार जात होती. बदललं होतं फक्त वजन. त्यामुळे मी आठवडाभर वजनालाच दोष देत बसलो, आधी शिसं जास्त कडक घेतलं, मग दारू बदलली. दोष वजनाचा नव्हता. जड गोळी लांब असते आणि ती लांबी काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या आत कुठवर जाते, सगळी गोम तिथे होती.

आधी कायद्याचं बोलू, कारण वाचणाऱ्यांतले बरेच जण भारतात असतील. भारतात ९ एमएम हा सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर आहे आणि परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा हे सगळं स्वतःची काडतुसं स्वतः भरण्याच्या अमेरिकेतल्या छंदाबद्दल आहे, पुण्यातल्या गच्चीवर करून पाहण्याचं नाही. अमेरिकेतही आपल्या मंडळींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर संघराज्याच्या कायद्यानं बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही मनाई आहे. काही ठरावीक अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे चालू असलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्ड आल्यावर ही अडचण उरत नाही. स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. भरून विकायला लागतो. राज्याराज्याचे नियम वेगळे, ते आपापले बघावेत.

जड गोळी हवीच कशाला

९ एमएममध्ये रुळलेली वजनं तीन: ११५, १२४ आणि १४७ ग्रेन. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, तेव्हा १४७ ग्रेन म्हणजे साधारण साडेनऊ ग्रॅम. स्पर्धेत पॉवर फॅक्टर मोजतात: ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले हजार. यूएसपीएसए या अमेरिकेतल्या नेमबाजी संघटनेच्या मायनर, म्हणजे खालच्या गटाला तो १२५ हवा. ११५ ग्रेनच्या गोळीला त्यासाठी १०८७ फुटांचा वेग लागतो, १४७ ला ८५१ फूट पुरतात. वेग कमी, दारू कमी, म्हणून हातात बसणारा झटका टोचण्याऐवजी ढकलल्यासारखा लागतो. वेग ध्वनीच्या खाली राहतो (२० अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो), त्यामुळे गोळीचा स्वतःचा तडाखा ऐकू येत नाही. लोखंडी पाट्या पाडायच्या असतील तर जड गोळी त्यांना आडवं करते. एवढंच. घरी बसून जास्त ‘ताकदवान’ काडतूस बनवायचं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

नळी मोजा, गोळीच्या डब्यावरचा आकडा नंतर

९ एमएमच्या नळीचा आट्यांच्या खाचांमधला नाममात्र व्यास ०.३५५ इंच. तांब्याचं कवच असलेली कारखान्याची गोळी त्याच मापाची असते. ओतीव शिशाची गोळी नळीपेक्षा हजारांश ते दोन हजारांश इंच जाड हवी, नाहीतर मागचा तापलेला वायू तिच्या कडेनं निसटतो, कडा वितळवतो आणि ते शिसं आट्यांवर जाऊन बसतं. पण ‘नाममात्र’ हा शब्द फसवा आहे. एकाच कंपनीच्या दोन नळ्यांतही फरक सापडतो.

मोजायची पद्धत जुनी आणि सोपी. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करा, नळी सुटी काढा, पुसून आत तेलाचा बोटभर हात फिरवा. मासेमारीच्या दुकानातलं मऊ शिशाचं अंडाकृती वजन घ्या, नळीपेक्षा थोडं जाड. ते लाकडी दांड्यानं आणि हलक्या हातोडीनं नळीतून आरपार सरकवा. बाहेर आलेल्या शिशावर आट्यांचा ठसा असतो. त्याचा सगळ्यात मोठा व्यास मायक्रोमीटरनं मोजा. कॅलिपर नको, इथे हजारांशाचा हिशेब आहे आणि कॅलिपर तेवढ्यात चकवतो. आटे पाच असतील तर खाचेसमोर खाच येत नाही आणि साध्या मायक्रोमीटरनं माप नीट मिळत नाही. अशा वेळी ०.३५६ आणि ०.३५७ अशा दोन मापांच्या थोड्या गोळ्या मागवून नळीलाच विचारलेलं बरं.

माझ्या नळीचं माप आलं ०.३५५५. म्हणून ०.३५७ ची गोळी. ती मी तेव्हाही वापरतच होतो! मग शिसं चिकटलं का, त्याचं उत्तर पुढे आहे.

ज्यांच्याकडे ग्लॉक आहे त्यांच्यासाठी एक थांबा. त्याच्या जुन्या पिढ्यांच्या नळ्यांत कोरीव आटे नसून बहुकोनी गोलाई असते, आणि कंपनी स्वतःच शिशाची गोळी तसंच घरी भरलेलं काडतूस वापरू नका म्हणते. लोक लेपवाल्या गोळ्या त्यातून झाडतात, हे मला माहीत आहे. मी मात्र कोरीव आट्यांची दुसरी नळी बसवून घेईन.

शिसं किती कडक

नव्या माणसाचा पहिला समज असा की शिसं चिकटतंय म्हणजे मऊ आहे, कडक घ्या. शुद्ध शिशाची ब्रिनेल कडकपणाची संख्या ५ च्या आसपास. बाजारातल्या तयार ओतीव गोळ्यांत बहुधा ९२ टक्के शिसं, ६ टक्के अँटिमनी आणि २ टक्के कथील असतं, ती १५ च्या आसपास येते. ८५० ते ९०० फुटांच्या वेगाला एवढी कडक गोळी रग्गड झाली. मापाला ढिली असलेली कडक गोळी मापाच्या मऊ गोळीपेक्षा जास्त शिसं सोडते, कारण ती दाबाखाली पसरून फटी बुजवत नाही. माझा तो कडक शिशाचा आठवडा याच कारणानं वाया गेला.

वंगण की लेप? खाचेत मेण भरलेल्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या स्वस्त पडतात, पण धूर होतो आणि डायमध्ये (काडतूस दाबून घडवणाऱ्या पोलादी साच्यात) मेणाचा थर साठून काडतुसाची लांबी हळूहळू बदलते. आता मी रंगीत पॉलिमर लेपाच्या गोळ्या घेतो. लेप कच्चा भाजलेला नाही ना, एवढं तपासा: गोळी कापडात गुंडाळून हातोडीनं चपटी करा. लेप पापडासारखा तडकून सुटला तर ती खेप परत पाठवा.

खरी गोम: पुंगळीच्या आत

एक हिशेब मांडतो. ९ एमएमची पुंगळी ०.७५४ इंच लांब. गोळीची लांबी अधिक पुंगळीची लांबी वजा काडतुसाची एकूण लांबी, म्हणजे गोळी आत किती गेली ते कळतं. माझी १२४ ग्रेनची गोल नाकाची गोळी ०.५८ इंच लांब होती आणि काडतूस १.१३ इंचाचं. गोळी आत ०.२०४ इंच. १४७ ग्रेनची चपट्या नाकाची गोळी ०.६६ इंच लांब, आणि तिचा खांदा आट्यांना टेकू नये म्हणून काडतूस १.१० इंचावर आणावं लागलं. गोळी आत ०.३१४ इंच. दीडपट!

यातून दोन गोष्टी होतात. पहिली, दारूला उरलेली जागा आक्रसते आणि दाब चढतो. ९ एमएमची पुंगळी मुळातच लहान आहे, त्यामुळे थोडंसं जास्त खोल बसवलं तरी दाब झपाट्यानं वर जातो. या काडतुसाला सामी या अमेरिकी उद्योगसंस्थेनं ठरवलेली कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय आहे. दुसरी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. ९ एमएमची पुंगळी आतून सरळ नळकांडं नसते. तोंडाशी पातळ, आणि साधारण पाव इंच खाली गेलं की भिंत जाड होत जाते. १२४ ची गोळी पातळ भागातच थांबायची. १४७ ची शेपटी जाड भागात घुसत होती आणि पितळ शिशाला चेपत होतं.

खात्री कशी करायची? प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) आणि दारू न घालता एक काडतूस जुळवा. मग हातोडीसारख्या दिसणाऱ्या पुलरनं आपटून गोळी बाहेर काढा आणि बुडाशी मायक्रोमीटर लावा. ०.३५७ ची आत गेलेली माझी गोळी ०.३५४५ होऊन बाहेर आली. नळीपेक्षा बारीक. मी विकत घेतलेलं माप पुंगळीनंच खाऊन टाकलं होतं. नवीन गोळी आणली की पहिली चाचणी हीच करा, रेंजवर जाण्याआधी. पाच मिनिटांचं काम आहे.

उपाय तीन आहेत, आणि मी ते या क्रमानं करेन. नेहमीच्या डायच्या संचातला तोंड फाकवणारा एक्स्पांडर कवचवाल्या ०.३५५ च्या गोळीसाठी घडवलेला असतो. त्याजागी ओतीव गोळीसाठीचा, जास्त जाड आणि जास्त खोल जाणारा पायरीचा एक्स्पांडर लावा. एवढ्यानंच निम्मं दुखणं जातं. दुसरं, पुंगळ्या निवडा. ज्यांच्या आत भिंतीला स्पष्ट पायरी दिसते त्या भंगारात टाका. त्यात लांब गोळी चेपतेच, शिवाय दारूची जागाही कमी होते. जाड भिंतीच्या लष्करी पुंगळ्या हलक्या गोळीसाठी बाजूला ठेवा. तिसरं, शेवटी काडतूस पुन्हा दाबून सारखं करणारी कार्बाइडची कडी असलेली क्रिम्प डाय वापरत असाल तर ती काढून ठेवा. चेंबरमध्ये काडतूस सहज बसावं म्हणून ती असते, पण जाड शिशाच्या गोळीला ती बाहेरून दाबून बारीक करते. मी ती तीन वर्षं विश्वासानं वापरत होतो. आता ती ड्रॉवरच्या तळाशी आहे.

लांबी आणि तोंड

काडतुसाची योग्य लांबी पुस्तकात नाही, तुमच्या नळीत आहे. पुस्तकातली लांबी त्यांच्या चाचणीच्या नळीची. दारू-प्रायमर नसलेलं काडतूस सुट्या नळीत वरून सोडा. ‘टक्’ असा आवाज येऊन ते तळाशी बसायला हवं, बोटानं फिरवलं तर मोकळं फिरायला हवं आणि नळी उलटी केली की आपोआप गळून पडायला हवं. तिन्ही झालं नाही तर गोळीवर काळ्या मार्करची शाई लावून पुन्हा सोडा आणि फिरवा. शाई नाकाजवळच्या खांद्यावर खरवडली गेली, तर काडतूस लांब आहे, गोळी थोडी आणखी बसवा. पुंगळीच्या तोंडाशी खरवडली तर तोंड अजून फाकलेलं आहे. गोळी आणखी बसवावी लागली की दाबाचा हिशेब पुन्हा बदलला, हे विसरू नका.

९ एमएमचं काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकून उभं राहतं. म्हणून तोंड आत वळवून गोळीत रुतवायचं नाही, फक्त फाकलेपण काढायचं. कडेवर बाहेरून ०.३७८ इंचाच्या आसपास माप आलं की पुरे. क्रिम्प, म्हणजे तोंडाची ही दाबणी, गोळीला धरून ठेवते हा गैरसमज आहे. गोळीला धरतं ते पुंगळीचं ताणलेलं पितळ. तपासायला काडतुसाची लांबी मोजा, नाक टेबलाच्या कडेवर ठेवून अंगठ्यानं जोर लावून दाबा, पुन्हा मोजा. आकडा बदलला, तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) पुढे आपटल्यावर गोळी मागे सरकणारच, आणि खोल गेलेल्या गोळीचं काय होतं ते वर आलंच आहे.

दारू

मराठीत दोन्ही दारूंना शब्द एकच आहे, आणि टेबलावर एका वेळी एकच असावी. टीव्हीही बंद.

दारूचे आकडे मी इथे देणार नाही आणि तुम्हीही ओळखीच्या माणसाकडून घेऊ नका. दारू बनवणाऱ्या कंपनीनं छापलेले आकडेच वापरा, तेही त्याच वजनाच्या आणि ओतीव शिशाच्याच गोळीचे. १२४ चे आकडे १४७ ला लावायचे नाहीत. छापलेल्या सुरुवातीच्या मापापासून आरंभ करा, आणि तुमची गोळी त्यांच्यापेक्षा खोल बसत असेल तर वर जाण्याची घाई तर अजिबात नको. वर जाताना ०.१ ग्रेनची पायरी, प्रत्येक पायरीला दहा काडतुसं आणि क्रोनोग्राफ या वेगमापकावर वेग. ९ एमएममध्ये प्रायमर चपटा झाला का हे बघून दाब ओळखू असं म्हणणारे भेटतात. प्रायमर बोलायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. छापलेल्यापेक्षा वेग जास्त येतोय म्हणजे दाबही जास्त आहे, तिथेच थांबा.

शक्य तर अशी दारू निवडा जिचं माप पुंगळीचा निम्म्याहून जास्त भाग भरतं. चुकून दोनदा पडली तर ती सांडते आणि डोळ्याला दिसते. थोडक्यात भागणाऱ्या जलद दारूचे दोन डोस पुंगळीत गुपचूप मावतात. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्चनं डोकवा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

रेंजवर

घरी आधी रिकामी, दारू-प्रायमर नसलेली पाच काडतुसं मार्करनं खूण करून मॅगझिनमध्ये भरा आणि स्लाइड हातानं मागे ओढून सोडून द्या. हातानं धरून हळूच पुढे नेऊ नका, स्प्रिंगला तिचं काम करू द्या. चपटं नाक रॅम्पवर, म्हणजे चेंबरकडे चढणाऱ्या उतारावर, अडत असेल तर गोल किंवा निमुळत्या नाकाची गोळी घ्या, रॅम्प घासायला कानस उचलू नका.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस. मग दोन, मग पाच. कान उघडे ठेवा म्हणजे कानांवरचे मफ काढा असं नव्हे, आवाजाकडे लक्ष द्या. कमी दारूवर चालणाऱ्या जड गोळीत एक धोका असतो, ‘फुस्स’ होऊन गोळी नळीतच अडकण्याचा. आवाज वेगळा आला, झटका बसला नाही किंवा कागदावर भोक नाही, तर चाप पुन्हा ओढायचा नाही. नळीचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, नळी सुटी काढून आरपार उजेड दिसतो का बघा. अडकलेल्या गोळीमागून दुसरी गेली तर नळी फुगते, कधी फुटते.

पुंगळ्या कुठे पडतात तेही बघा. दोन-तीन पावलांवर एकाच ठिकाणी पडल्या तर उत्तम. पायाशी गळत असतील, किंवा एखादी स्लाइडमध्ये धुराड्यासारखी उभी अडकत असेल, तर तुमच्या कमी झटक्याच्या काडतुसाला स्प्रिंग भारी पडते आहे. एक-दोन पौंडांनी हलकी स्प्रिंग लावा, पण आधी पिस्तूल स्वच्छ करून आणि मनगट घट्ट धरून पुन्हा झाडून बघा. माझ्या बाबतीत निम्मा दोष मनगटाचा निघाला. आणि हीच हलकी स्प्रिंग ठेवून कारखान्याची जास्त दाबाची काडतुसं झाडू नका, स्लाइड फ्रेमवर आपटत राहते.

नेम वर लागेल. हळू जाणारी गोळी नळीत जास्त वेळ असते, तेवढ्यात नळीचं तोंड उचललं जातं. दहा यार्डांवर माझ्या गोळ्या इंचभर वर गेल्या. मागची साइट थोडी खाली घेतली की झालं, त्यासाठी दारू बदलायची नसते.

पाच गोळ्यांनंतर नळी बघा, मग वीसनंतर, मग पन्नासनंतर. शिसं चेंबरच्या लगेच पुढे असेल तर गोळी बारीक आहे किंवा पुंगळी तिला चेपते आहे. नळीच्या तोंडाशी असेल तर वंगण पुरत नाही. सगळीकडे पातळ थर असेल तर आट्यांचा खडबडीतपणा पाहा.

साफसफाई आणि घर

चिकटलेलं शिसं काढायला स्वयंपाकघरातला तांब्याचा काथ्या कात्रीनं कापून जुन्या ब्रशला गुंडाळा आणि नळीतून कोरडाच पाच-सहा वेळा फिरवा. काथ्या आधी चुंबकाला लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, ते नळीला ओरखडे काढेल. कवचवाल्या दोन गोळ्या झाडून शिसं उडवायचा सल्ला रेंजवर हमखास मिळतो. तो ऐकू नका, अरुंद झालेल्या नळीत दाब वाढतो.

शिसं अंगात जातं ते मुख्यतः प्रायमरच्या धुरातून आणि हाताला लागलेल्या धुळीतून. रेंजवरून येताना हात-तोंड साबणानं धुतल्याशिवाय डब्यातल्या पोळीला हात लावू नका. वापरलेल्या पुंगळ्या कोरड्या भुश्यात फिरवून साफ करत असाल तर ती भांडी घराबाहेर ठेवा, त्या भुश्याच्या धुळीत प्रायमरचं शिसं असतं. मी आता पाण्यात फिरवतो. अमेरिकेत लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाचा इशाऱ्याचा आकडा २०२१ पासून डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणला आहे. रेंजचे बूट आमच्याकडे गॅरेजच्या आत येत नाहीत, आणि माझा रेंजचा शर्ट बायको बाकीच्या कपड्यांत टाकू देत नाही. त्याची बादली वेगळी आहे, निळी.

नवा एक्स्पांडर लावून, पायरीच्या पुंगळ्या वेगळ्या करून भरलेली पहिली शंभर काडतुसं मी मे महिन्यात झाडली. पुलरनं काढलेली गोळी ०.३५६५ आली होती. नळीत दोन ओल्या चिंध्या फिरवल्या आणि उजेडाकडे धरली, सहाही आटे मोजता आले.